ग्रेडचा आकडा आणि मूळ स्कोअर : विद्यार्थी बिग बँडच्या संगीतनिवडीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या शाळांच्या जॅझ बँडसाठी छापलेल्या जवळजवळ प्रत्येक अरेंजमेंटवर (बँडच्या वाद्यांसाठी लिहून काढलेल्या मांडणीवर) अवघडपणाच्या ग्रेडचा आकडा असतो, एक ते पाच किंवा सहा. शिक्षक आधी तो पाहतात, मग प्रकाशकाचं नमुना-ध्वनिमुद्रण ऐकतात आणि संच मागवतात. पहिल्याच तालमीला लक्षात येतं, की ग्रेड तीनची ही चीज बँडला झेपत नाही. गेल्या वर्षीची ग्रेड चारची मात्र सहज वाजली होती. याचं कारण, हा आकडा मुख्यतः पहिल्या ट्रम्पेटचा सर्वांत वरचा सूर मोजतो. असं का झालं हे समजायला छापील अरेंजमेंटच्या धंद्याकडे पाहावं लागतं.

शाळा गिऱ्हाईक होण्याआधी हा धंदा नाचाच्या हॉलमधल्या बँडांवर चालत होता. १९२० ते १९४० च्या दशकांत न्यूयॉर्कचे प्रकाशक लोकप्रिय गाण्यांची ‘स्टॉक’ अरेंजमेंट विकत. कुठल्याही गावातल्या, कितीही वादकांच्या बँडला ती वाजवता आली पाहिजे, ही अट. म्हणून सगळी महत्त्वाची स्वरसंगती दोन अल्टो, एक टेनर, दोन ट्रम्पेट आणि एका ट्रॉम्बोनमध्येच बसवलेली असे. तिसरा ट्रम्पेट, दुसरा ट्रॉम्बोन, चौथा सॅक्सोफोन असला तर उत्तम, नसला तर अडत नसे. जे वाद्य गैरहजर असण्याची शक्यता, त्याचे सूर दुसऱ्याच्या पार्टमध्ये (एका वादकाच्या सुरांच्या कागदात) बारीक टाइपात ‘क्यू’ म्हणून छापत. पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र दाखवणारा कागद, बहुधा नसेच. पियानोच्या पार्टवर निभावून न्यायचं. सोलोसुद्धा लिहून दिलेले. व्यावसायिक बँड हे संच जसेच्या तसे क्वचित वाजवत. काही बार (ठरावीक ठोक्यांचे छापील खंड) गाळत, तुकड्यांचा क्रम फिरवत, मधे आपल्या वादकाचा सोलो घालत. शाळांनी पुढे हा साचा उचलला तो मात्र ही काटछाट न करता. सगळी वाद्यं सतत वाजताहेत, कुणी एक गळाला तरी पोकळी दिसत नाही, अशा जाड पोताच्या लेखनाचं मूळ तिथे आहे.

टेक्सासमधल्या एका महाविद्यालयानं १९४७ मध्ये या संगीताचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तो ‘डान्स बँड’ या नावानं. हायस्कुलांत पुढे बरीच वर्षं ‘स्टेज बँड’ हा शब्द चालला, कारण पालकांना आणि प्राचार्यांना ‘जॅझ’ चालत नव्हतं. १९५९ पासून एका नामवंत बँडप्रमुखाच्या नावानं उन्हाळी शिबिरं भरू लागली आणि १९६८ मध्ये जॅझ शिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली. तोवर विद्यार्थी बँडची रचना ठरून गेली होती : पाच सॅक्सोफोन, चार-पाच ट्रम्पेट, चार-पाच ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बास आणि ड्रम.

याच काळात फक्त शाळांसाठी छापणारे प्रकाशक उभे राहिले. बँडप्रमुख काउंट बेसीच्या बँडनं १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या रचना अशाच एका प्रकाशकानं विक्रीला आणल्या, आणि व्यावसायिक बँड वाजवतो तोच कागद शाळेच्या स्टँडवर आला. पण एवढं सगळ्यांना पेलणारं नव्हतं. नवशिक्या बँडसाठी मुद्दाम लिहिलेल्या चिजांचा ढीग वाढत गेला आणि तो लावायला ग्रेड हाताशी होती. स्पर्धांनी त्या आकड्याला वजन दिलं. तीन वेगवेगळ्या धाटणीच्या चिजा, म्हणजे साधारणपणे एक स्विंग, एक बॅलड आणि एक लॅटिन किंवा रॉक, ठरलेल्या मिनिटांत बसवायच्या. परीक्षकांसमोर ‘आम्ही ग्रेड पाच वाजवतो’ हे सांगता आलं पाहिजे. १९७० च्या दशकात उंच ट्रम्पेटवर गाजलेल्या बँडांची मोहिनी शाळांवर पडली आणि उंच म्हणजे अवघड, अवघड म्हणजे चांगलं, ही समजूत पक्की झाली. ती अजून पुरती गेलेली नाही.

प्रकाशकागणिक फरक पडतो, पण ढोबळ हिशेब असा. ट्रम्पेटच्या लिखित सुरांत ग्रेड एक चौथ्या रेघेवरच्या डीपाशी किंवा त्याच्या वरच्या ईपाशी थांबते, ग्रेड दोन पाच रेघांवरच्या जीपाशी, तीन ए किंवा बी फ्लॅटपाशी, चार वरच्या सीपाशी. पुढे डी, ई आणि त्याहून वर. आता यात काय निसटतं ते पाहा. वरचा सी अख्ख्या चिजेत एकदाच, तोही अखेरच्या सुरावर असेल, तरी आकडा चार होतो. उलट जी आणि ए या सुरांत सलग चाळीस बार वाजवायला लावणारी चीज तीनमध्ये बसते. ओठ थकतात ते दुसरीत. म्हणून स्कोअर हातात आला की सर्वांत उंच सूर शोधण्याआधी पहिल्या ट्रम्पेटचे सूर रेघांच्या वर जातात असे बार मोजावेत, आणि शेवटच्या शाउट कोरसच्या (कोरस म्हणजे चालीची एक पूर्ण फेरी; शाउट कोरसात सगळा बँड एकदम जोरात वाजतो) आधी त्याला किती बार विश्रांती आहे ते पाहावं. आठ बारही नसतील, तर तालमीत ठीक वाजलेला कोरस कार्यक्रमात फुटतो, कारण कार्यक्रमात त्याआधी आणखी दोन चिजा झालेल्या असतात. उपाय जुनाच आहे : सुरुवातीच्या कोरसची आघाडी दुसऱ्या ट्रम्पेटला द्यायची, पहिल्याचे ओठ शेवटासाठी राखायचे.

पट्टीचंही तसंच. कॉन्सर्ट एफ, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारी एफ पट्टी, ट्रम्पेटच्या कागदावर जी म्हणून सोपी येते, अल्टोला डी म्हणून येते, तेही जमतं. पण कॉन्सर्ट जीमधली चीज अल्टो आणि बॅरिटोनला चार शार्प दाखवते, आणि सॅक्सोफोनची जलद सोली (सगळ्या सॅक्सोफोननी मिळून वाजवायचा भाग) तिथे अडखळते. ट्रम्पेटची उंची मात्र बेताची असल्यानं मुखपृष्ठावर आकडा दोन किंवा तीनच.

लय हा तर सगळ्यांत फसवा भाग. मिनिटाला १३० ते १६० ठोक्यांचा स्विंग मुलं लवकर पकडतात. सत्तरच्या आसपासचा संथ स्विंग कागदावर बाळबोध दिसतो, सूर थोडे, जागा भरपूर. प्रत्यक्षात मुलं तिथे पुढे पळतात, कारण दोन ठोक्यांमधली जागा कुणी धरून ठेवलेली नसते. दोनशेच्या पुढे ड्रमवाल्याचा मनगटाचा खेळ आखडतो आणि बास मागे पडतो. ग्रेड यातलं काही सांगत नाही. रिदम सेक्शनचे (पियानो, गिटार, बास आणि ड्रमचे) पार्ट वेगळे तपासावे लागतात : पियानोला हात लिहून दिलेत की नुसत्या तिरप्या रेघा आणि कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची) नावं, बासची चाल पूर्ण लिहिलीय का, ड्रमच्या पार्टमध्ये ब्रासचे (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे) मुख्य ठोके दाखवलेत की पानभर एकच नमुना कोंबलाय. पियानोचे हात लिहिलेले असतील आणि गिटारवाला त्याच कॉर्ड आपल्या मनानं भरत असेल, तर मधला पट्टा गढूळ होतो. त्यापैकी एकाला थांबवावंच लागतं.

मग हजेरीचा प्रश्न. पाच सॅक्सोफोनच्या सोलीत बॅरिटोन अनेकदा पहिल्या अल्टोचीच चाल एक सप्तक खाली वाजवतो. तो आला नाही तर वजन जातं, स्वरसंगती टिकते. दुसरा टेनर गळाला तर मात्र कॉर्डचा तिसरा किंवा सातवा सूर जाऊ शकतो, आणि कॉर्ड कुठली तेच कळेनासं होतं. चौथ्या ट्रम्पेटचंही असंच. ‘चौथा म्हणजे बिनमहत्त्वाचा’ ही समजूत स्टॉकच्या काळात खरी होती, नंतरच्या लेखनात नाही. म्यूटचा, म्हणजे वाद्याच्या तोंडाला लावून आवाज बदलणाऱ्या साधनाचा, विचार तर निवडताना कुणी करतच नाही. हार्मन नावाचा धातूचा म्यूट घातल्यावर सूर चढतो, ट्यूनिंग स्लाइड थोडी ओढावी लागते. त्यासाठी दोनच बार विश्रांती दिली असेल तर पुढचा प्रवेश बेसूर होणार.

या पार्श्वभूमीवर १९९५-९६ च्या शैक्षणिक वर्षातला एक निर्णय आजही वादाचा आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या जॅझ संस्थेनं रचनाकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या रचना मूळ ध्वनिमुद्रणांबरहुकूम उतरवून हायस्कुलांना मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या परिसरापुरती, पुढे देशभर. शेवटी निवडक बँडांची स्पर्धा. वाद मोफत वाटण्याचा नव्हता. रचना सोप्या करायच्या नाहीत, पट्टी बदलायची नाही, क्लॅरिनेट लिहिला असेल तिथे क्लॅरिनेटच, हा खरा निर्णय.

विरोधकांचे मुद्दे पोकळ नव्हते. एलिंग्टनचं लेखन वाद्यांपेक्षा माणसांसाठी होतं. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आलेल्या त्याच्या कागदांत पार्टवर वाद्याऐवजी वादकाचं नाव किंवा टोपणनाव सापडतं. त्याच्या १९३० च्या एका प्रसिद्ध रचनेत सुरुवातीची चाल म्यूट लावलेला ट्रम्पेट वाजवतो, त्याच्या लगेच खाली म्यूट लावलेला ट्रॉम्बोन आपल्या उंच सुरांत, आणि सर्वांत खाली क्लॅरिनेट आपल्या खर्जात. क्लॅरिनेटच्या जागी टेनर सॅक्सोफोन घातला की सूर तेच राहतात आणि रचना उरत नाही. ज्या शाळेत सॅक्सोफोनवाल्यांना दुसरं वाद्य येत नाही, तिनं काय करायचं? प्लंजरचं काम, म्हणजे नळकाम करणाऱ्याच्या रबरी वाटीनं ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचं तोंड उघडझाप करणं, शिकवणारा शिक्षक तरी किती ठिकाणी होता? शिवाय पार्ट विषम : एकाला पूर्ण कोरस, दुसऱ्याला आठ-आठ बारची शांतता. वीस मुलांना सारखं काम देणं ज्याची जबाबदारी आहे, त्या शिक्षकाला हे अन्यायाचं वाटतं. आणि देशभर एकाच वर्षी त्याच मोजक्या रचना घुमू लागल्या, हा आक्षेप तर उघडच होता.

तरीही पारडं मूळ स्कोअरकडेच झुकतं. जुन्या रचनांत ट्रम्पेट सरसकट उंच नाही, विश्रांती भरपूर आहे, आणि १९३० च्या दशकातल्या बेसीच्या रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर) उभ्या चिजा तर दोन-चार सुरांच्या आहेत. त्यांचं अवघडपण लयीत, आवाजाच्या चढउतारात आणि एकमेकांचं ऐकण्यात आहे; म्हणजे मुलांना शिकवायचं आहे त्याच गोष्टींत. शाळेसाठी मुद्दाम बनवलेली ग्रेड दोनची चीज अनेकदा यांतलं काहीच शिकवत नाही, कारण तिच्यात ऐकायला रिकामी जागाच ठेवलेली नसते.

या निर्णयाचं एक शेपूट मात्र अजून वळवळतं. संचात मूळ वादकाचे सोलो उतरवून दिलेले असतात. विद्यार्थ्यानं ते वाजवायचे, की स्वतःचं काही? परीक्षकांत यावर एकमत नाही. पण प्रत्येक सोलोची जात सारखी नसते, आणि ती स्कोअरमधून ओळखता येते. मागच्या ब्रासच्या किंवा सॅक्सोफोनच्या फटी पाहाव्यात. सोलोच्या वाक्यांमधल्या जागा मागचा बँड नेमकेपणानं भरत असेल, तर तो सोलो रचनेचाच भाग आहे. बदलला की सवाल-जबाब तुटतो. मागे नुसते लांब धरलेले सूर किंवा फिरत राहणारा रिफ असेल, तर मूळ सोलो ऐकून पाठ करावा, त्यातली वाक्यं उचलावीत आणि स्टेजवर कागद बाजूला ठेवावा. नवख्या सोलोवाल्यासाठी बारा बारची ब्लूज किंवा कॉर्ड सावकाश बदलणारी चीज निवडावी, आणि सोलोचा भाग पुन्हा पुन्हा घेण्याची मुभा स्कोअरमध्ये आहे ना, हे आधीच पाहावं.

सोपं करण्याला कायद्याचीही बाजू आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये शिक्षक आणि प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, विकत घेतलेल्या छापील प्रतीत रचनेचं मूळ स्वरूप न बिघडवता फेरफार करता येतो, ती सोपी करता येते. म्हणजे मुभा आहे. चुका होतात त्या हातानं. सर्वांत नेहमीची चूक अशी : पहिल्या ट्रम्पेटची वरची ओळ एक सप्तक खाली आणायची आणि बाकीचे तिघे तसेच ठेवायचे. आता सर्वांत वर दुसरा ट्रम्पेट येतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा साथीचा सूर चाल म्हणून ऐकू येतो. ओळ खाली आणायचीच असेल तर तेवढ्या बारांत चाल पहिल्या अल्टोला द्यावी आणि ट्रम्पेटना गप्प बसवावं, किंवा चारही ट्रम्पेट एकाच सुरात वाजवावेत.

शिक्षकांची ती १९६८ ची संघटना २००८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तोवर निवडीचा मुख्य रस्ता इंटरनेटवर आला होता. तिथे स्कोअरची बहुधा पहिली काही पानंच दाखवतात. शाउट कोरस शेवटी असतो, त्यामुळे ज्या बारांवर निर्णय घ्यायचा तेच दिसत नाहीत. ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या कसलेल्या वादकांचं, त्यांच्या हातून ग्रेड एकही झोकात वाजते. शक्य असेल तिथे पूर्ण स्कोअर मागवून किंवा शेजारच्या शाळेचा संच उसना आणून पहिल्या ट्रम्पेटचा, दुसऱ्या टेनरचा आणि ड्रमचा पार्ट वाचावा, मग पैसे भरावेत.

२०२० च्या साथीत बँड निम्म्यावर आले आणि पाच-सहा भागांची, कुठल्याही वाद्यानं कुठलाही भाग उचलावा अशी ‘फ्लेक्स’ अरेंजमेंट खपू लागली. त्यांचा उपयोग आहे, पण सर्वांत खालचा भाग कुणाकडे जातो ते बघावं. तो टेनर सॅक्सोफोनकडे गेला तर बास ट्रॉम्बोनचा तळ राहत नाही. अशा वेळी बास गिटारचा आवाज वाढवून भागत नाही, बॅरिटोन सॅक्सोफोन नाहीतर एखादा युफोनियम शोधावा लागतो.