काप दिला म्हणजे वाया गेलं?

‘कापलेला कागद कमजोर, कामाचा नाही’ हा जुना समज अर्धाच खरा आहे. ताकद घटते, पण न फाटता लांबण्याची क्षमता कितीतरी वाढते. किरिगामी, म्हणजे कागद कापून आकार घडवण्याची जपानी कला, उभी आहे ती यावरच.

कार्डपेपरवर ३० मिमीचे समांतर काप द्या. रांगेतल्या दोन कापांत ५ मिमी जागा, रांगांमध्ये ४ मिमी अंतर, पुढची रांग १७.५ मिमी सरकवलेली. कापांच्या काटकोनात ओढा: आधी कागद ताठ, मग पट्ट्या पिळवटून उचलल्या जातात नि जाळी उघडते. कागद ताणला जात नाही, वाकतो! रांगा सरकवल्या नाहीत, तर मधले सलग पट्टे सगळा भार घेतात, काही उघडत नाही.

फाटतं ते कापाच्या टोकाशी, ताण तिथे एकवटतो म्हणून. आधी टोकांना १ मिमीची गोल भोकं पाडा, मगच कापा.