यूलिमिट आणि नाइस: मशीन नेमकं कुठे अडकलंय?

धुळे-जळगावकडच्या कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमचं लिनक्सवरचं प्रॅक्टिकल फोर्कपर्यंत (चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, नक्कल काढून नवी प्रोसेस बनवणं) आलं की लॅबमधून हाक येतेच: "सर, मशीन बंद पडी गयं!" त्यावर कोणी 'यूलिमिट लावा' म्हणतं, कोणी 'नाइस द्या'. दोन्ही सल्ले एकाच दुखण्यावरचे समजले जातात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात किती गाड्या सोडायच्या, हे फाटकावर ठरतं. आत आलेल्यांपैकी काट्यावर आधी कोण, हा वेगळा प्रश्न. यूलिमिट फाटकावर बसतं, म्हणजे किती प्रोसेस असू द्यायच्या ते ठरवतं; नाइस काट्यापाशी, म्हणजे आतल्यांपैकी सीपीयू आधी कोणाला ते ठरवतं.

लूपमध्ये फोर्क लिहिला आणि चाइल्डला (फोर्कने जन्मलेल्या प्रोसेसला) बाहेर काढायची अट राहिली, तर दहा फेऱ्यांत मूळ धरून १,०२४ प्रोसेस होतात. लूप अनंत असेल तर विचारूच नका. इथे 'यूलिमिट -यू'च लागतं. मर्यादा भरली की पुढचा फोर्क नाकारला जातो आणि 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असा संदेश दिसतो. मात्र ही मोजणी एका टर्मिनलची नसते, त्या यूजरच्या सगळ्या प्रोसेसची असते आणि लिनक्सवर थ्रेडही (एका प्रोसेसच्या आतले समांतर धागे) त्यात धरले जातात. सर्व्हर एकच आणि सगळी मुलं एकाच खात्यातून लॉगिन करत असतील, तर एकाच्या चुकीने पूर्ण बॅच अडकते. प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्याच. आणि ही चाचणी रूट (प्रशासकाचं खातं) म्हणून करू नका, रूटला ही मर्यादा लागूच होत नाही.

आता समजा मर्यादा ३०० आहे आणि २०० प्रोसेस नुसत्या गणितं करत बसल्या आहेत. यूलिमिटच्या हिशेबाने सगळं ठीक, पण टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. हे काम नाइसचं. नाइसचा आकडा जितका मोठा, तितकं सीपीयूच्या वाटपातलं वजन कमी: नाइस ० चं वजन १,०२४, नाइस १९ चं फक्त १५. एकाच कोअरसाठी दोघं भांडले तर पहिल्याला सुमारे ९८.६ टक्के वेळ मिळतो. भांडायला कोणी नसेल तर १९ वाल्यालाही पूर्ण सीपीयू मिळतो, त्यामुळे मोठं कंपाइल बिनधास्त नाइस लावून सोडावं. एक खाचखळगा मात्र आहे. २०११ च्या २.६.३८ कर्नलपासून (लिनक्सचा गाभा) ऑटोग्रुप आला, म्हणजे प्रत्येक सेशनच्या कामांचा आपोआप एक गट करून सीपीयू वाटणं. तो लागू असेल तर नाइसची तुलना एका सेशनपुरतीच राहते, आणि वेगळ्या टर्मिनलमधल्या कामावर तिचा फरक जाणवत नाही.

माउससुद्धा हलेना आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला, अशा वेळी बहुतेकदा रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्कची जागा वापरणं) सुरू झालेला असतो. एकच प्रोसेस हे करू शकते, म्हणून संख्येची मर्यादा तिला अडवत नाही, आणि नाइस तर फक्त सीपीयूचा वाटा ठरवतं. टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारा आदेश) 'डब्ल्यूए'चा, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा चढलेला आणि 'अव्हेल मेम' (वापरता येण्याजोगी मेमरी) जवळपास शून्य दिसली, तर ते काम पुढच्या वेळी सिस्टिमडी-रन या आदेशातून मेमरीमॅक्स (मेमरीची कमाल मर्यादा) ठरवून चालवा.