एमसीव्हीसी बारावीनंतर थेट डिप्लोमाचं दुसरं वर्ष: अर्ज कुठे अडतो

गेल्या जूनमध्ये सिन्नरकडचा एक मुलगा कागदांची पिशवी घेऊन आला. बारावी एमसीव्हीसी (म्हणजे व्होकेशनल, व्यवसाय अभ्यासक्रम), चांगले गुण, आणि अर्ज भरत होता इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा! बारावी व्होकेशनलच्या मुलांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे त्याला दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. असं एक अख्खं वर्ष वाया जाताना पाहवत नाही.

या जागा मंजूर क्षमतेच्या १० टक्के असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नाशिकच्या सामनगाव रोडचं शासकीय तंत्रनिकेतन हवं असलं तरी अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरच. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास बहुतेकांकडे असतात.

अडतं ते नॉन-क्रिमिलेअरवर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याच्या दाखल्यावर. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास) सगळ्यांना ते लागतं, एससी-एसटीला नाही. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी त्याची मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत हवी. मुलं दहावीला काढलेलं जुनंच जोडतात. आधी तहसीलचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, मग प्रांतांची सही. निकालानंतर सेतूत उभे राहाल तर गर्दीत अडकाल. मार्च संपला की लगेच कामाला लागा.

जात पडताळणी त्याहून कठीण. डिप्लोमाला निभावलं तरी पुढे इंजिनिअरिंग पदवीला राखीव जागेसाठी ती लागतेच. जातीच्या नोंदीचा पुरावा ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. घरात असा कागद कुणाच्याच नसतो, आणि समिती तोच मागते! आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा ज्या गावच्या शाळेत गेले तिथे प्रवेश-निर्गम उतारा मागा. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये गाव नमुना १४ (जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) पाहा. त्या मुलाच्या चुलत आजोबांची नोंद तिसऱ्या खेपेला निघाली. पान कडेला फाटलेलं होतं, पण जातीच्या रकान्यात ‘वंजारी’ स्पष्ट वाचता येत होतं. बारावी सुरू असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज टाका.

आणि बाळांनो, अर्ज सबमिट केला म्हणजे झालं असं नाही. ई-स्क्रुटिनीत (कागदांच्या ऑनलाइन तपासणीत) त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्याच लॉगिनला परत येतो. मुदत संपेपर्यंत रोज उघडून पाहा. पसंतीक्रमाचा फॉर्मही वेगळा कन्फर्म करावा लागतो.

घरी पैशाची नड असेल तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत वर्षभराची अप्रेंटिसशिपही करता येते. नोंदणी करताना बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेवढं आधी बघून घ्या.