१३० अंशांवर काय घडते? : पॉलिमर क्लेच्या दागिन्यांमागचे रसायन

चवथ जवळ आली की गोव्यातील गावोगावच्या चित्रशाळांमध्ये चिकणमातीचे गणपती वाळत ठेवलेले दिसतात. माती मळावी, आकार द्यावा आणि पाणी उडून गेले की ती घट्ट होते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे पॉलिमर क्लेची कर्णफुले किंवा लोलक घरी करून पाहणारे अनेक जण तीच समजूत या पदार्थालाही लावतात. दोन दिवस कडक उन्हात ठेवले की सुकेल, पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून क्ले घट्ट होत नाही, जास्त भाजले गेले म्हणून कर्णफूल तुटले, अशी विधाने त्यातूनच येतात. या तिन्हींमागची चूक एकच आहे. पॉलिमर क्लेमध्ये सुकून जाण्यासारखे पाणी मुळात नसतेच, आणि ओव्हनमध्ये ती ज्या प्रक्रियेने घट्ट होते ती सुकण्यापेक्षा विरघळण्याला अधिक जवळची आहे.

या पदार्थाचा मुख्य घटक पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, हा आहे. घरातील पाण्याचे पाइप ज्याचे असतात तेच हे प्लास्टिक; फक्त येथे ते साधारण एक मायक्रोमीटर आकाराच्या कणांच्या रूपात असते. हे कण प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेले असतात, आणि त्यात भरणद्रव्ये, रंगद्रव्ये व चमकीसाठी अभ्रकाची पूड मिसळलेली असते. पीव्हीसीची पहिली नोंद १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युजेन बाउमान यांनी केली, पण कडक, ठिसूळ आणि तापवले की विघटन पावणाऱ्या या पांढऱ्या घनाचे करायचे काय, हे पुढची अनेक दशके कोणाला उमगले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणाऱ्या पदार्थाच्या शोधात असताना त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवले आणि त्यांच्या हाती एक लवचिक पदार्थ आला. पॉलिमर क्लेचे सारे तंत्र त्या एका निरीक्षणावर उभे आहे. पुढे जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या क्रूझ कुटुंबातील सोफी रेहबिंडर-क्रूझ यांनी विकसित केलेली क्ले १९६०च्या दशकात 'फिमो' या नावाने बाजारात आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पीव्हीसीचे कण आणि प्लास्टिसायझर पाकिटात महिनोन्‌महिने शेजारी असूनही एकमेकांत मिसळून का जात नाहीत? पीव्हीसीचा प्रत्येक रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी असते, आणि तीत एक सोडून एक कार्बन अणूला क्लोरीनचा अणू जोडलेला असतो. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे साखळीवर जागोजागी किंचित ऋण आणि किंचित धन भार निर्माण होतात आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना धरून बसतात. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्यांचे तुकडे जागच्या जागी थिजलेले असतात. या मर्यादेला काचसंक्रमण तापमान म्हणतात. शिवाय काही थोड्या भागात साखळ्या इतक्या शिस्तीने रचलेल्या असतात की तेथे सूक्ष्म स्फटिक तयार झालेले असतात. अशा बंदिस्त रचनेत प्लास्टिसायझरच्या रेणूंना शिरकाव मिळत नाही, आणि म्हणूनच कच्ची क्ले मळता येते, लाटता येते, दुमडून पुन्हा लाटता येते.

तापमान वाढू लागले की प्लास्टिसायझर पातळ होतो आणि साखळ्यांचे तुकडे हालचाल करू लागतात. द्रवाचे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात, भारांमुळे असलेले साखळ्यांचे परस्पर आकर्षण सैल करतात, आणि त्यामुळे त्या भागाचे काचसंक्रमण तापमानच खाली येते. तो भाग अधिक सैल झाल्याने आणखी रेणू आत येतात. प्रक्रिया अशी स्वतःच स्वतःला वेग देते. भिजवलेला साबुदाणा जसा पाणी शोषून फुगतो आणि वाफेवर शिजताना पारदर्शक होऊन दाण्याला दाणा चिकटतो, तसेच येथे घडते. फरक इतकाच की पाण्याच्या जागी तेलकट द्रव आहे आणि दाणा डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान आहे. मोकळा द्रव संपला की वस्तू हाताला घट्ट लागते. या टप्प्याला जेलीकरण म्हणतात, आणि घरी दागिने करणाऱ्यांची फसगत होते ती नेमकी येथेच. कण फुगून एकमेकांना टेकलेले असतात, पण त्यांच्या सीमा शाबूत असतात. कर्णफूल वाकले की भेग त्या सीमांमधून पुढे पळते आणि पाकळी कट्‌कन तुटते. तुटलेला दागिना पाहून जास्त भाजला गेला असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कमी भाजलेला असतो.

खरे बळ येते ते पुढच्या टप्प्यात, ज्याला संमीलन म्हणता येईल. क्लेच्या प्रकारानुसार ११० ते १३० अंशांच्या पट्ट्यात कणांमधील सूक्ष्म स्फटिकांपैकी बरेचसे वितळतात, साखळ्यांची टोके शेजारच्या कणात घुसतात आणि तेथील साखळ्यांत गुंततात. पुरेसा वेळ मिळाला तर कणांच्या सीमा नाहीशा होतात. थंड होताना पुन्हा लहान लहान स्फटिक जमतात, पण आता एकेका स्फटिकात निरनिराळ्या कणांतून आलेल्या साखळ्यांचे तुकडे एकत्र बांधले जातात, आणि या गाठींमुळे संपूर्ण वस्तूभर एक त्रिमितीय जाळे तयार होते. इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) कडक होताना होतात तसे नवे रासायनिक बंध येथे तयार होत नाहीत. संमीलन झाल्याचा एक पुरावा डोळ्यांनीही दिसतो: अर्धपारदर्शक क्ले पूर्ण भाजल्यावर अधिक नितळ होते, कारण प्रकाश विखुरणाऱ्या कणसीमाच उरलेल्या नसतात. ओव्हनमधून काढलेली गरम वस्तू मऊ लागते, त्याचेही कारण हेच आहे. त्या गाठी अजून पडायच्या असतात, म्हणून परीक्षा पूर्ण थंड झाल्यावरच करावी. दोन मिलिमीटर जाडीची पट्टी तेव्हा वाकली पाहिजे, तुटता कामा नये.

उत्पादकांच्या सूचना या हिशेबाने वाचाव्या. फिमोसाठी ११० अंशांना ३० मिनिटे, तर स्कल्पी प्रीमोसाठी १३० अंशांना दर ६ मिलिमीटर जाडीमागे ३० मिनिटे सांगितलेली असतात. जाडीचा उल्लेख का आवश्यक आहे, हे उष्णतेच्या प्रवासावरून कळते. दोन-तीन मिलिमीटरच्या पाकळीत खरा अडथळा हवेकडून पृष्ठभागाकडे उष्णता पोचण्याचा असतो, म्हणून जाडी दुप्पट केली तर तापण्यास लागणारा वेळही साधारण दुप्पट होतो. जाड मण्यात मात्र अडथळा मण्याच्या आतच असतो. प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्याने तेथे वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट. मोठे मणी करताना मध्ये ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा घालून त्यावर क्लेचा पातळ थर देण्याची जी पद्धत आहे, ती या अडचणीवरचा उत्तम तोडगा आहे. घरगुती ओटीजीची तबकडी १३० दाखवत असली तरी आतले तापमान बरेच वर-खाली होत असते, म्हणून आत वेगळा ओव्हन-तापमापक ठेवणे हाच भरवशाचा मार्ग. दागिने सिरॅमिक लादीवर ठेवावेत आणि तापलेल्या कांड्यांची थेट झळ लागू नये म्हणून वरून फॉइल झाकावी. साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. तो असमान तापवतो.

तापमानाची वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. पीव्हीसी मर्यादेपलीकडे तापले की साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू सुटतो, त्यामुळे शेजारचा दुवा कमकुवत होऊन तेथून दुसरा सुटतो, आणि ही गळती साखळीभर पसरत जाते. मागे उरतात एकाआड एक दुहेरी बंध. असे सात-आठ बंध ओळीने आले की ते निळा प्रकाश शोषू लागतात आणि पांढरी पाकळी पिवळसर, मग तपकिरी दिसते. रंगातला बदल ही पहिली सूचना समजावी. क्ले जळू लागली तर उग्र वासाचा, डोळे व श्वासनलिका चुरचुरवणारा वायू बाहेर पडतो. अशा वेळी ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात.

हे सारे लक्षात घेतले की अशा दागिन्यांना 'मातीचे' म्हणून जोडले जाणारे गुण किती निराधार आहेत हे कळते. मातीचा दागिना शरीरातील उष्णता शोषतो, नकारात्मक ऊर्जा घालवतो किंवा अमुक रंगाचा मणी ग्रहपीडा शमवतो, या दाव्यांना कोणताही आधार नाही. आणि खऱ्या मातीबद्दलही जे सिद्ध झालेले नाही, ते पीव्हीसीला चिकटवणे तर अधिकच चुकीचे आहे. 'पर्यावरणपूरक' हे विशेषणही येथे लागू होत नाही, कारण हे प्लास्टिक मातीत मिसळून जात नाही. यातील प्लास्टिसायझर अपायकारक असतात, ही उलट बाजूची भीतीही तपासून घ्यावी. मुलांच्या खेळण्यांतील थॅलेट या गटातल्या काही प्लास्टिसायझरांवर युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि नामांकित उत्पादकांनी त्यानंतर पर्यायी द्रव स्वीकारले. नाव-गाव नसलेली स्वस्त पाकिटे टाळावीत, आणि क्लेसाठी वापरलेली लाटणी, सुऱ्या पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत, एवढी काळजी पुरेशी आहे.

गोव्याच्या हवेत खरी अडचण दमटपणापेक्षा उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या पाकिटात जेलीकरण तेथेच सुरू होऊ शकते आणि क्ले भुसभुशीत होते. घरातल्या उकाड्यात ती इतकी मऊ पडते की पणजीतील जुन्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांसारखी नक्षी दांड्यात (प्रत्येक कापावर तीच नक्षी दिसावी म्हणून रंगीत क्लेचे तुकडे जोडून केलेल्या लांब वळीत) बसवून काप काढू गेल्यास रेषा फराटतात. अशा वेळी दांडा हवाबंद डब्यात घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीचे तापमान येईपर्यंत डबा उघडू नये. नाही तर हवेतील बाष्प क्लेवर पाणी होऊन साचते आणि भाजताना त्याची वाफ होऊन बुडबुडे येण्याची शक्यता असते. क्ले कागदात दाबून जादा प्लास्टिसायझर शोषून घेण्याचा उपायही आहे, पण तो बेताने करावा. विरघळवणारा द्रवच कमी पडला तर संमीलन अपुरे राहते.

भाजल्यानंतरही प्लास्टिसायझरचे रेणू साखळ्यांमध्ये अडकून असतात, बांधलेले नसतात. त्यामुळे चमक यावी म्हणून लावलेले नेलपॉलिश काही दिवसांनी चिकट होते: त्यातील द्रावके क्लेचा पृष्ठभाग सैल करतात आणि खालचा प्लास्टिसायझर वर येऊन नेलपॉलिशचा थर मऊ करतो. दागिना पाण्याखाली धरून बारीक पॉलिशपेपरने घासावा, म्हणजे धूळ श्वासात जात नाही, आणि मग पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक व्हार्निशचा पातळ हात द्यावा. कच्ची क्लेही याच कारणाने कडक, पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डब्यात ठेवू नये, कारण प्लास्टिसायझर त्यालाही विरघळवू लागतो. पॉलिथिलीनची पिशवी किंवा पॉलिप्रोपिलीनचा डबा चालतो.