शिकाऱ्याच्या फोटोत आधी बंदूक पाहावी

न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नर इथे १८७९-८०च्या सुमारास एका पोरसवदा तरुणाने स्वतःचा फोटो काढून घेतला. डोक्यावर चेपलेली हॅट, अंगात ढगळ स्वेटर, शेजारी उभी धरलेली विंचेस्टर रायफल आणि डाव्या कमरेला पिस्तूल. हा बिली द किड, अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज. पिस्तूल डावीकडे दिसतं म्हणून तो डावखुरा असणार, असं पुढे कित्येक दशकं लोक धरून चालले. खरी गोष्ट त्याच फोटोत, त्याच्या शेजारच्या बंदुकीवर दिसत होती. विंचेस्टरच्या १८७३च्या मॉडेलला काडतुसं भरायची खिडकी उजव्या अंगाला असते आणि फोटोत ती डावीकडे आहे. म्हणजे माणूस डावखुरा नव्हता, चित्रच उलटं होतं. पत्र्यावर काढलेला हा तळहाताएवढा फोटो २०११ मध्ये लिलावात २३ लाख डॉलरला गेला.

बिली काही शिकारी नव्हता. पण अमेरिकेतल्या जुन्या शिकाऱ्यांचे आणि ट्रॅपरांचे, म्हणजे सापळे लावून जनावरं धरणाऱ्यांचे, जे शेकडो फोटो आज पाहायला मिळतात ते वाचण्याची रीत हीच आहे. आपली नजर आधी चेहऱ्याकडे, दाढीकडे, फरच्या टोपीकडे जाते. या गोष्टी फसवतात. फोटोग्राफरच्या स्टुडिओत चामड्याचे डगले आणि बंदुका भाड्याच्या नाटकसामानासारख्या ठेवलेल्या असत आणि शहरातला कारकूनही त्या अंगावर चढवून रानातला वीर होऊन जाई. काचेवरचं किंवा पत्र्यावरचं रसायन आणि बंदुकीची बनावट मात्र सहसा खोटं बोलत नाहीत.

चित्र उलटं का उमटतं, ते आधी पाहू. बिलीचा फोटो म्हणजे टिनटाइप. नाव टिनाचं असलं तरी हा काळं लाखेचं रोगण दिलेला लोखंडी पत्रा असतो. अमेरिकेत त्याचं पेटंट १८५६चं. पत्र्यावर चांदीच्या क्षारांचा थर देऊन तो थेट कॅमेऱ्यात ठेवत. जिथे उजेड पडेल तिथे चांदीचे बारीक कण साठून फिकट दिसतात, बाकी ठिकाणी खालचं काळं रोगण दिसत राहतं. यात निगेटिव्ह वेगळी नसते, कॅमेऱ्यातला पत्रा हाच फोटो. भिंगातून आलेला उजेड पत्र्याच्या ज्या बाजूवर पडला त्याच बाजूने आपण पाहतो, म्हणून डावं-उजवं आरशातल्यासारखं बदलतं. काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर छापलेल्या फोटोत तसं होत नाही, कारण छापताना चित्र पुन्हा एकदा उलटतं आणि सरळ होतं. हातात बंदूक नसेल तर कोटाची बटणं पाहावीत. पुरुषांच्या कोटाला ती घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. फोटोत ती त्याच्या डाव्या बाजूला दिसली तर तो टिनटाइप किंवा त्याआधीचा डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पाटीवरचा फोटो, असण्याची शक्यता मोठी.

डागेरोटाइपची कृती पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाली. हे साल ट्रॅपरांच्या इतिहासात फार मोक्याचं आहे. रॉकी पर्वतातले ट्रॅपर वर्षातून एकदा ठरलेल्या खोऱ्यात जमत, बीव्हर या नदीकाठच्या केसाळ प्राण्याची कातडी विकत आणि दारू, गोळ्या, सापळे घेऊन परत रानात जात. या मेळाव्यांची सुरुवात १८२५ची आणि शेवटचा मेळावा १८४०चा. तोवर नद्यांमधले बीव्हर संपत आले होते आणि युरोपात बीव्हरच्या टोपीऐवजी रेशमी टोपीची चाल आली होती. कॅमेरा जन्मला आणि त्यांचा धंदा बसला, एका वर्षाच्या अंतराने. त्यामुळे ऐन भरातल्या ट्रॅपरचा रानातला फोटो अस्तित्वातच नाही. किट कार्सन किंवा गुलामीत जन्मलेला जिम बेकवर्थ यांचे जे फोटो आपण पाहतो ते त्यांनी सापळे खाली ठेवल्यावर कित्येक वर्षांनी काढलेले आहेत. प्रत्यक्ष मेळावा पाहून त्याची चित्रं काढणारा आल्फ्रेड जेकब मिलर हा एक चित्रकार १८३७ मध्ये तिथे होता. म्हणून ‘१८३०मधला ट्रॅपर’ असं लिहिलेला फोटो कुणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या दोन धंद्यांना जोडणारा एक धातू आहे आणि तो मला फार अस्वस्थ करतो. बीव्हरच्या आतल्या मऊ केसांचं नमदं नीट जमावं म्हणून टोपी करणारे कारागीर ते केस पाऱ्याच्या क्षारात भिजवत. पाऱ्याची वाफ श्वासात जाऊन त्यांचे हात थरथरत, स्वभाव बदलत असे. आणि डागेरोटाइपची पाटी उजेडात धरल्यावर तिच्यावरचं अदृश्य चित्र दिसू लागावं म्हणून फोटोग्राफर ती तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरत. बीव्हरची टोपी घालून काढलेल्या फोटोत पारा दोनदा आलेला असतो, आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी फुप्फुसात गेलेला असतो.

१८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि डागेरोटाइप मागे पडला. कोलोडियन म्हणजे काय? कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवला की त्याचा नायट्रोसेल्युलोज बनतो. बासेलच्या क्रिस्टियान शोनबाइनने १८४६ मध्ये तो जगापुढे आणला तेव्हा त्याला तोफेचा कापूस म्हटलं गेलं, कारण ठिणगी लागताच तो राख न ठेवता भडकतो. हाच कापूस थोडा कमी नायट्रेट केला की ईथर आणि अल्कोहोलात विरघळून दाट, चिकट द्रव होतो. तो काचेवर ओतायचा, चांदीच्या नायट्रेटमध्ये बुडवायचा आणि ओला असतानाच फोटो काढून धुऊन टाकायचा. सुकला की उजेड पकडण्याची ताकद संपली. म्हणून रानात जाणाऱ्या फोटोग्राफरबरोबर अंधाराचा तंबू, काचा, बाटल्या आणि पाणी असं सगळं खेचरांवर लादून जाई.

ओल्या काचेला उजेड पकडायला काही सेकंद लागत, ढगाळ हवेत त्याहून जास्त. तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही. शिकारी बहुतेक फोटोंत बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवून नळीला धरून उभा का असतो, याचं एक साधं कारण हे आहे. खांद्याला लावलेली बंदूक इतका वेळ स्थिर राहत नाही, टोक धूसर येतं. त्या चेहऱ्यांवर हसू का नाही, हेही यातून पुष्कळसं उलगडतं.

त्या चेहऱ्यांचा रापलेला, ओबडधोबड कणखरपणा मात्र थोडा रसायनाने घडवलेला आहे. कोलोडियनमधले चांदीचे क्षार निळा आणि अतिनील उजेडच ओळखतात. लाल-पिवळ्या प्रकाशाच्या कणांत त्यांच्यात बदल घडवण्याइतकी ऊर्जा नसते. त्यामुळे उन्हाने लालसर झालेली कातडी गडद येते, वांग आणि डाग ठळक होतात, निळे डोळे पांढुरके दिसतात आणि आकाश कोरं राहतं. तिशीतला माणूस पन्नाशीचा वाटतो. पितळी चौकटीची १८६६ची विंचेस्टर अशा फोटोत काळपट येऊ शकते आणि पाहणारा तिला लोखंडी १८७३ समजून बसतो. रंगावर भरवसा ठेवू नये, आकार पाहावा. १८६०च्या हेन्री रायफलला नळीखाली लाकडी पकड नसते आणि अंगाला भरायची खिडकीही नसते, काडतुसं पुढून नळकांड्यात टाकावी लागत. खिडकी आली १८६६ला. एखाद्या फोटोत १८९४ची विंचेस्टर ओळखू आली तर तो फोटो त्याआधीचा असूच शकत नाही, मागे कुणी काहीही लिहिलेलं असो. जुनी बंदूक मात्र पुढे पन्नास वर्षंही वापरात राहते, म्हणून बंदुकीवरून ‘याआधीचा नाही’ एवढंच ठरतं. दुसरी बाजू, म्हणजे ‘यानंतरचा नाही’ हे, कधी कधी फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पाठीवर सापडते. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंवर कर लावला होता. मागे कराचं तिकीट असेल तर तारीख त्या दोन वर्षांत बसते.

सगळ्यात जड बंदुका दिसतात त्या बायसनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गव्यासारख्या रानबैलाच्या, शिकाऱ्यांच्या फोटोंत. मोंटानात १८८०च्या आसपास एल. ए. हफमनने या लोकांना त्यांच्या कामाच्या जागी, मेलेल्या जनावरांच्या शेजारी टिपलं. त्यांच्या हातातल्या शार्प्स रायफलींचं वजन अनेकदा पाच-सहा किलोंच्या पुढे. नळी इतकी जाड ठेवण्याची कारणं दोन: मोठ्या काडतुसाचा धक्का वजनाने कमी होतो आणि सतत झाडूनही धातू उशिरा तापतो. तेव्हाची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वस्तुमान घन कणांच्या रूपात उरतं. त्यातलं काही पांढऱ्या धुराचा लोट होतं, काही नळीत काजळी होऊन बसतं. शिकारी दोन काठ्यांच्या फुलीवर नळी टेकवून लांबून बसत आणि कळपाची पुढारी मादी आधी टिपत. बाकीची जनावरं गोंधळून तिथेच घुटमळत राहत आणि एकेक करून पडत. १८७१च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांच्या यंत्रांचे पट्टे करण्याजोगं चामडं कमावता येऊ लागलं होतं, त्यामुळे मागणीला अंत नव्हता. कोट्यवधींच्या संख्येत असलेल्या या प्राण्याची वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या विल्यम हॉर्नडेने १८८९ मध्ये शिरगणती मांडली, तेव्हा सगळ्या उत्तर अमेरिकेत, पाळीव धरून, १,०९१ उरले होते. हफमनचे फोटो पाहताना ही संख्या मनातून जाऊ देऊ नये.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येयने नायट्रोसेल्युलोजला काबूत आणून बिनधुराची दारू तयार केली. जो कापूस तीस वर्षं शिकाऱ्याचं चित्र काचेवर धरत होता तोच आता त्याच्या काडतुसात गेला. याच सुमारास, १८८९ मध्ये, ईस्टमनने तो कापराबरोबर मिसळून केलेल्या सेल्युलॉइडची लवचिक फिल्म बाजारात आणली. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिकारी फोटोत बंदुकीच्या आत आणि कॅमेऱ्याच्या आत एकच पदार्थ भरलेला होता. काचांचं आणि तंबूचं ओझं गेल्यावर शिकाऱ्यांचे फोटो एकदम का वाढले, ते यावरून समजतं.

असा एक फोटो आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. त्याचा फोटो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आला आणि तिच्या जर्नलमध्ये छापला गेला. भारतातल्या रानातल्या चित्त्याची ही अखेरची खात्रीशीर नोंद मानली जाते. तोंडी वृत्तांतात चित्ता आणि बिबट्या यांची सरमिसळ सहज होते; फोटोत बिबट्याच्या पोकळ फुलांऐवजी भरीव ठिपके दिसतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ दिसते. फोटो आत्मप्रौढीसाठी काढलेला असेल, पण प्राणिशास्त्राला पुरावा मिळाला तो त्यातूनच. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत, संस्थानिकांच्या आणि इनामदारांच्या घरी असे फोटो अजून ट्रंकांत पडून आहेत. त्यांत कोणत्या तालुक्यात कोणतं जनावर होतं याची माहिती दडलेली असते. ते फ्रेममधून ओढून काढू नयेत, ओल्या फडक्याने पुसू नयेत. दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, बंदूक आणि जनावर यांचे भाग मोठे करून वेगळे स्कॅन करावेत. सोबत जुन्या निगेटिव्ह फिल्म असतील तर जास्त जपावं. १९५०च्या आधीच्या फिल्म पुष्कळदा नायट्रोसेल्युलोजच्या असतात. त्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्या एकदा पेटल्या की पाण्यानेही विझत नाहीत. फिल्म चिकट किंवा तपकिरी झाली असेल, आंबूस वास येत असेल, तर ती बंद डब्यात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. सावलीत, हवेशीर जागी, देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवावी आणि जवळच्या संग्रहालयातल्या जाणकारांना बोलावून दाखवावी.