गोष्ट वाचताना मूल मध्येच उठून का जातं?

(आमच्या बालवाचनालयाच्या सभासद पालकांसाठी)

‘दोन पानं झाली की पळतं’ ही तक्रार आम्ही पुस्तकं बदलून देताना रोज ऐकतो. दोष सहसा पुस्तकाचा नसतो, मुलाचाही नसतो. चित्रपुस्तकाच्या पानावर दोन ओळी असतात. मोठ्या माणसाच्या त्या ५-६ सेकंदांत वाचून होतात आणि लगेच पान उलटलं जातं. मुलाला अक्षरं येत नाहीत, ते चित्र वाचत असतं. झाडामागून दिसणारी शेपटी कुणाची हे त्याला उमगायच्या आत पुढचं पान येतं. असं तीन-चारदा झालं की ते उठतं.

म्हणून ओळ वाचली की गप्प राहा. मनात सावकाश पाच आकडे मोजा. मूल चित्रावर बोट ठेवेल, काहीतरी बोलेल किंवा पानाला हात घालेल. पान उलटण्याचं काम त्याचंच. दीड-दोन वर्षांच्या बोटांना पातळ कागद सुटा करता येत नाही, मग ओढाताण होऊन तो फाटतो. तुम्ही पानाचा कोपरा उचलून धरा आणि ढकलू द्या त्याला. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात ही अडचण नाही. दोन वर्षांखालच्या सभासदांना आम्ही शक्यतो तीच देतो. कोपरे चावले जातात, ते आम्ही धरूनच चालतो.

मुलाला मांडीवर घ्या, म्हणजे चित्र दोघांनाही सरळ दिसतं. भावंडं असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे. भूक लागलेली असताना किंवा समोर टीव्ही चालू असताना वाचायला बसू नका. वर्षाच्या बाळासाठी ३-४ मिनिटं पुष्कळ झाली, तीन वर्षांच्या मुलासाठी दहा. उभं राहून, गाडी फिरवत ऐकणारं मूलही ऐकतच असतं. त्याला ओढून बसवू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते प्रश्नांनी. ‘हा कोण? रंग कुठला? बदकं किती?’ अशी तोंडी परीक्षा सुरू झाली की गोष्ट संपलीच. त्याऐवजी ‘ही का रुसली असेल?’, ‘आता हा काय करेल?’ असं विचारा, तेही दर पानाला नको. मूल नुसतं ‘भू भू’ म्हणालं, तर त्यात थोडी भर घाला: ‘हो, भू भू चिखलात लोळतोय.’ अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हीच पद्धत दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना शिकवली होती. महिनाभरानंतर ती मुलं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली.

पुन्हा पुन्हा येणारी ओळ असलेली गोष्ट निवडा. ‘चिऊताई, चिऊताई, दार...’ इथे थांबलात की ‘उघड!’ समोरून येतं. पहिल्याच वाचनात मात्र ही अपेक्षा नको. ओळ दोन-तीनदा कानावरून गेल्यावर थांबा.

वेगवेगळे आवाज काढता आले तर छान, पण त्यावाचून अडत नाही. वेग बदला. धावपळीची ओळ भरभर, भीतीची हळू आणि दबक्या आवाजात. उत्सुकता ताणलेली असते ती पान उलटण्याच्या क्षणी, तेव्हा पुढची ओळ आधीच वाचून टाकू नका.

छापील भाषा मुलाला परकी वाटली (‘करीत असे’, ‘उद्गारली’), तर पहिल्यांदा खुशाल घरच्या बोलीत सांगा, मालवणी असो की वऱ्हाडी. पुढच्या वेळी छापलंय तसं वाचा, म्हणजे ते शब्दही कानावर पडतील. एकदा गोष्ट पाठ झाली की मूल तुम्हाला शब्द बदलू देणार नाही.

तेच पुस्तक रोज मागतंय? वाचा. कंटाळा तुम्हाला येतो, त्याला नाही. प्रत्येक वेळी त्याला चित्रात नवं काहीतरी सापडत असतं. अशा वेळी पुस्तक परत आणायची घाई करू नका, मुदत वाढवून मिळते.

पान फाटलं तर घरी चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, तिचा डिंक कडेने बाहेर येतो आणि शेजारची पानं चिकटतात. फाटलेला तुकडा त्याच पानात ठेवून पुस्तक तसंच आणा. दुरुस्ती आम्ही करतो, दंड घेत नाही.