नांगर टाकणे (छोट्या नौका)

नांगर टाकणे : तळात रुतणारे अवजार दोराने किंवा साखळीने नाळेला (नौकेच्या पुढच्या टोकाला) बांधून, वारा आणि प्रवाह यांच्या ओढीविरुद्ध नौका एका जागी धरून ठेवण्याची क्रिया. हौशी नाविक पोहायला, मासे धरायला किंवा रात्र काढायला नांगर टाकतात. पण त्याची खरी किंमत इंजिन बंद पडल्यावर कळते. वारा नौकेला खडकांकडे ढकलू लागला की नांगर हा एकच ब्रेक हाताशी उरतो. त्यामुळे तो पेटीत, दोरांच्या गुंत्याखाली पडलेला नसावा. अर्ध्या मिनिटात पाण्यात सोडता येईल, असा नाळेवर तयार असावा.

नांगर वजनाने धरतो, हा समज फार पसरलेला आणि घातक आहे. दहा किलोचा नांगर वाळूत नीट रुतला की स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सोसतो. तोच तळावर नुसता पडून असेल तर घसरत जातो. फाळ, म्हणजे नांगराचे रुतणारे पाते, जमिनीत शिरतो तो आडव्या ओढीने. ओढ वरच्या दिशेने बसली की दांडा (ज्याला दोर बांधतात तो भाग) उचलला जातो आणि फाळ उपटतो. दोर किती सोडायचा हा प्रश्न म्हणूनच मुळात कोनाचा आहे. खोलीच्या तिप्पट दोर सोडला, तर ताणाखाली तो तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन करतो. सातपट सोडला तर सुमारे ८ अंशांचा. नांगराजवळ थोडी साखळी आणि मागे दोर असेल तर सातपट, सगळी साखळीच असेल तर चार-पाचपट आणि वारा चढणार असेल तर दहापट, हे रूढ प्रमाण आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नौकेवरचा जोर चौपट होतो, हे लक्षात घेतले तर दोराची कंजूषी करावीशी वाटणार नाही.

हिशेब चुकतो तो खोली धरताना. समजा, ओहोटीला पाणी ४ मीटर आहे, भरतीला ते आणखी २ मीटर चढणार आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. मग गुणायची खोली ४ नव्हे, ७ मीटर. दोर लागेल ४९ मीटर. नुसत्या ४ मीटरचे सातपट म्हणून २८ मीटर सोडणाऱ्याकडे भरतीच्या वेळी केवळ चौपट उरतो, आणि तेव्हाच वारा वाढला तर नांगर सुटतो. खोली दाखवणारे यंत्र आपल्या संवेदकापासून खालची खोली मोजते. तो पृष्ठभागाच्या जितका खाली बसवला असेल तितके अंतर त्यात मिळवायचे.

नांगराला जोडलेली साखळी निदान नौकेच्या लांबीइतकी असावी. तिच्या वजनाने दांडा खाली दबलेला राहतो आणि खडकावर घासूनही ती तुटत नाही. मागचा दोर नायलॉनचा हवा, कारण तो ताणला जाऊन लाटेचा हिसका गिळतो. पॉलिप्रोपिलीनचा दोर तरंगतो आणि कोणाच्याही पंख्यात (प्रोपेलरमध्ये) सापडतो. तो इथे नको. शॅकलची (नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची) खीळ तारेने बांधून टाकावी, नाहीतर सततच्या हालचालीने ती फिरून निघते. दोराचे शेवटचे टोक नौकेला बांधलेले आहे ना, हे हाताने ओढून पाहावे. सगळा दोर सरसर निघून नांगरासकट तळाशी जाणे ही नेहमीची दुर्घटना आहे. टोक साखळीचे असेल तर ते दोरीनेच बांधावे, म्हणजे संकटात सुरीने कापता येते.

नांगराच्या घडणीतही फरक असतो. जेफ्री टेलर यांनी १९३३ मध्ये आणलेला सीक्यूआर हा शेतातल्या नांगरासारखा दिसतो. डॅनफोर्थ हलका, रुंद पात्यांचा असून वाळू-चिखलात जबर धरतो. पण वारा फिरून ओढीची दिशा उलटली की निसटू शकतो, आणि पात्यांत दगड अडकला तर पुन्हा रुतत नाही. दुमडणारा चार हुकांचा छोटा नांगर खडकाळ तळासाठी, घटकाभर थांबायला ठीक. त्याच्या भरवशावर झोपू नये. तळ वाळूचा किंवा घट्ट चिखलाचा असेल तर उत्तम. दाट गवतावर फाळ जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

जागा वाऱ्याच्या आडोशाची निवडावी. वारा फिरला की नौका नांगराभोवती फिरते. सोडलेला दोर आणि नौकेची लांबी मिळून होणाऱ्या त्रिज्येचे वर्तुळ मोकळे लागते, आणि त्या वर्तुळात ओहोटीलाही पुरेसे पाणी लागते. शेजारच्या नौका साखळीवर असतील तर त्या कमी फिरतात, दोरावरच्या जास्त. टक्कर होते ती या फरकामुळे.

वारा किंवा प्रवाह, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे नाळ करून हळू पुढे यावे आणि नौका पूर्ण थांबवावी. नांगर फेकू नये, हाताने खाली सोडावा. फेकला तर दोर फाळाभोवती गुंडाळतो; सगळी साखळी एकदम सोडली तर तिचा ढीग त्याच्यावरच पडतो. तळ लागला की नौका मागे सरकू द्यावी आणि तेवढाच दोर सोडत जावा. दोराच्या वेटोळ्यात पाय नसावा. तिप्पट दोर गेल्यावर किंचित अडवून धरावा, फाळ टोकाने शिरू लागतो. मग उरलेला दोर सोडून क्लीटला (दोर अडकवायच्या नाळेवरच्या खुंटीला) पक्का करावा आणि इंजिन मागच्या दिशेने हळूहळू वाढवत जोर द्यावा. या वेळी नाळेपुढच्या ताणलेल्या दोरावर तळहात ठेवावा, बोटे क्लीटपासून दूर. दोर घट्ट आणि शांत लागला तर नांगर धरला आहे. खडखड किंवा थरथर हाताला जाणवली, तर तो तळावरून ओढला जात आहे. वर घेऊन पुन्हा टाकावा. किनाऱ्यावरचे झाड आणि मागचा खांब अशा एका ओळीत दिसणाऱ्या दोन खुणा बाजूच्या दिशेला धराव्यात. नौका फिरली नसतानाही त्या एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतो आहे. रात्री मोबाइलचा किंवा जीपीएसचा गजर लावावा.

नांगर पिछाडीला कधीही बांधू नये. तिथे काठ खाली असतो आणि मोटरचे वजन असते. लाट आत शिरून लहान नौका काही क्षणांत बुडू शकते. तळात अडकलेला नांगर मोटरच्या जोराने पिछाडीवरून ओढून काढतानाही असेच होते.

सागरी टक्कर प्रतिबंधक नियमांनुसार (१९७२) ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नांगरलेल्या नौकेने दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा दाखवायचा असतो. ७ मीटरपेक्षा लहान नौकेला अरुंद जलमार्ग, नांगरवाडा (नौका नांगरण्याची जागा) किंवा रहदारीच्या जागेपासून दूर असताना सूट आहे. सूट असली तरी दिवा लावावा.

नांगर उचलताना नौका हाताने ओढायची नसते. इंजिनाने हळू पुढे येत ढिला झालेला दोर आत घ्यावा. तो उभा झाला की क्लीटला अडकवून थांबावे. लाटेने नाळ वर उचलली की फाळ आपोआप सुटतो. खडकाळ तळावर जायचे असेल, तर नांगराच्या बुडाला आधीच वेगळी दोरी आणि तरंगता बोया बांधून ठेवावा, म्हणजे फाळ अडकला तर उलट बाजूने खेचता येतो. ही दोरी भरतीच्या खोलीला पुरेल एवढीच ठेवावी. जास्त सैल असली तर ती आपल्याच पंख्यात जाते.